तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनीला टायर कोणते घालावेत?

“पद्मिनीचे टायर बदलायचेत. 5.20-14 कुठं मिळेना. दुकानदार म्हणतो, 14 इंची कुठलाही बसेल. बसवू का?” जुनी गाडी जपणारे बहुतेक सगळेच कधी ना कधी हे विचारतात. उत्तर आहे, नाही. टायर रिमवर चढला म्हणजे तो गाडीला चालतो, असं नाही. 14 हा फक्त रिमचा व्यास झाला. बाहेरचा व्यास, रुंदी, पेलायचं वजन आणि टायरचं वय या चार गोष्टी दुकानदार सांगत नाही, त्या आपणच बघाव्या लागतात.

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून पद्मिनी धावत होत्या तोवर या मापाला रोजचं गिऱ्हाईक होतं. 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षं पुरी करून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता उरल्या त्या हौसेनं सांभाळलेल्या गाड्या. त्यामुळे जुन्या मापाचा नवा टायर शोधण्यापेक्षा त्याच्या जोडीचं आजचं माप शोधणं शहाणपणाचं.

आधी आकडा वाचायला शिकू. 5.20-14 मध्ये 5.20 इंच, म्हणजे सुमारे 132 मिमी, ही टायरची रुंदी. मधली आडवी रेघ म्हणजे क्रॉस-प्लाय, आपल्याकडे ज्याला सरसकट ‘नायलॉन टायर’ म्हणतात तो. उंची लिहिलेलीच नसते, कारण त्या काळी ती जवळपास रुंदीइतकीच धरलेली असायची. असा नवा टायर हवा भरून मोजला तर बाहेरचा व्यास 610 मिमीच्या आसपास येतो.

आता 165/80 R14 घ्या. यातला R म्हणजे रेडियल, आजच्या गाड्यांना येतो तो टायर. 165 मिमी रुंदी, तिच्या 80 टक्के उंची, म्हणजे 132 मिमी. वर आणि खाली मिळून 264, रिमचे 356. बेरीज 620. जुन्यापेक्षा दीड-पावणेदोन टक्के जास्त. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 61 ने जात असेल, एवढाच फरक. हे माप काही स्विफ्ट आणि डिझायरना मूळचंच येत असल्यानं ताजा माल मिळतो, आणि 4 ते 5.5 इंचाच्या रिमवर तो बसवायला परवानगी असते. 155/80 R14 मिळाला तर तो आणखी चांगला: व्यास 604 मिमी, अंगानं सडपातळ, स्टिअरिंगला हलका.

दुकानदार पुढं करतो तो बहुधा 175/65 R14. व्यास 583 मिमी. गाडी 13-14 मिमी खाली बसते, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा वेग 57 च असतो. हे एक वेळ सोसता येईल. खरी अडचण रिमची आहे. या टायरला किमान 5 इंचाची रिम लागते. आपली रिम आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजून बघा, जुन्या गाड्यांची साधारण 4 ते 4.5 इंचच भरते. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की बाजूच्या भिंती आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, रस्त्याला तेवढाच टेकतो आणि लवकर झिजतो. वळणावर टायर रिमवर डुलतो ते वेगळंच. दिसायला भरदार दिसतो म्हणून तो घालू नका.

वजनाचा आकडा मापाच्या शेजारीच असतो. 85T मधला 85 म्हणजे एका टायरवर 515 किलो, आणि T म्हणजे ताशी 190 किमी. पद्मिनी स्वतः 900 किलोच्या आसपास. पाच माणसं आणि सामान धरलं तर 1,300. मागच्या चाकांवर जास्त भार येतो हे धरूनही 85 भरपूर झाला.

जीपवाल्यांसाठी इथं थांबून सांगतो, कारण हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. जुन्या विलीज आणि महिंद्रा जीपचं माप 6.00-16. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचंही माप अगदी हेच, आणि तालुक्याच्या गावी तो टायर कधीही मिळतो. रिमवर बिनतक्रार चढतो, किंमतही बरी असते. पण तो शेतासाठी केलेला असतो. त्याच्यावर वेगाचं चिन्ह A6 असेल तर मर्यादा ताशी 30 किमी, A8 असेल तर 40. जीप 70 ने पळवली की आत उष्णता साठत जाते आणि रबर थरांपासून सुटायला लागतं. F-2 हा शिक्का किंवा रुंदीभर गोल फिरणाऱ्या तीन उभ्या धारा दिसल्या की तो ट्रॅक्टरचा समजा. ADV लिहिलेला तर बैलगाडीचा. दोन्ही हात जोडून परत करा.

अँबेसेडरचं 5.90-15 आणि बीटलचं 5.60-15 यांनाही वरचाच हिशोब लावायचा. बीटलला 165/80 R15 उत्तम. 15 इंची आहे म्हणून बोलेरोचा 215/75 मात्र नको, त्याचा व्यास 700 मिमीच्या वर जातो.

आता वय. टायरवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो 2000 च्या आधीचा, तो शोभेलाही गाडीखाली नको. जुन्या गाड्यांचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन मरतात. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो-फुगतो तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. गाडी उभी राहिली की हे थांबतं आणि भिंतीवर बारीक तडे पडतात. म्हणून खाचा नव्यासारख्या खोल असल्या तरी सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर टायर बदलाच. कायद्याची 1.6 मिमी खोलीची अट पाळली म्हणजे टायर सुरक्षित झाला असं नाही. दुकानात जाण्याआधी DOT च्या त्या चार आकड्यांचा फोटो मागवा. काळं पॉलिश मारलेला ‘जुना पण न वापरलेला’ माल आणि रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला, दोन्ही टाळा. आयएसआय शिक्का पाहा. परदेशातून जुन्या मापाचे टायर मागवायचे असतील तर पैसे भरण्याआधी चौकशी करा. जून 2020 मध्ये नव्या टायरची आयात प्रतिबंधित यादीत गेली, परवान्याशिवाय माल कस्टममध्ये अडकतो.

ट्यूबचा प्रश्न लोक विसरतातच. नवे रेडियल ट्यूबलेस असतात, पण जुनी रिम तशी नसते. ट्यूबलेससाठी रिमच्या आतल्या बाजूला, टायरची कड बसते तिथं एक उंचवटा लागतो. तो नसेल तर हवा कमी असताना वळणावर कड आत घसरते आणि क्षणात सगळी हवा जाते. काही रिमांना मध्ये रिव्हेट असतात, तिथूनही हवा झिरपते. म्हणून ट्यूब घालाच, पण रेडियलसाठीची आणि नेमक्या मापाची. मोठी घातली तर आत दुमडते आणि घडीवर फाटते; लहान घातली तर ताणून पातळ होते. बसवण्यापूर्वी टायरच्या आत हात फिरवून कागदी लेबल, खरखरीत शिवणी, रिमवरचा गंज आणि वेल्डचे टोक साफ करा, मग टाल्कम पावडर लावा. व्हॉल्वचं भोक 11.5 मिमीचं असेल तर TR13, 16 मिमीचं असेल तर TR15. मोठ्या भोकात लहान व्हॉल्व हलत राहतो आणि मुळाशी कापला जातो.

रिमही धुऊन, नटांच्या भोकांभोवती उजेडात नीट पाहा. रेडियलची रस्त्यावरची पकड जास्त, त्यामुळे वळताना रिमवर येणारा ताणही जास्त. केसाएवढी चीर दिसली तरी ती रिम बाद.

चारही टायर आणि स्टेपनी एकाच जातीची हवीत. पुढं रेडियल आणि मागं नायलॉन ही जोडी सगळ्यात वाईट: पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात, आणि ओल्या घाटात गाडी शेपटाकडून फिरते. प्रदर्शनासाठी मूळ रूप हवं असेल तर पाचही नायलॉन ठेवा. पावसाळ्यात चालवायची असेल तर माझं मत निःसंशय रेडियलला.

बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठं घासतो का ते बघा. मागं पाट्याच्या स्प्रिंगपासून आणि मडगार्डच्या कडेपासून किमान 10 मिमी अंतर हवं. मडगार्डच्या आत कणकेचे गोळे चिकटवा, पाच माणसं बसवून गतिरोधकांवरून एक फेरी मारा. गोळा चेपलेला दिसला तर टायर तिथं लागतोय. अलाइनमेंट रेडियलच्या हिशोबानं करून घ्या, टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूनं आत झुकलेली असतात ते माप, 0 ते 2 मिमी पुरे.

हवा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा 2 ते 4 पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करा. थंड टायरवर मोजा, अर्धा तास हमरस्त्यावर चालवून पुन्हा मोजा. वाढ 4 च्या आसपास असेल तर ठीक. बरीच जास्त असेल तर हवा कमी होती, टायर जास्त दबून तापला; थोडी वाढवा. आणि पहिल्या 50 ते 100 किमीनंतर चाकाचे नट पान्यानं पुन्हा आवळा. नवा रंग किंवा गंजाचा थर दबला की ते सैल होतात.