जांभ्याच्या भिंतीतले दार : रंग ठरेपर्यंतच्या नोंदी

१६ फेब्रुवारी

गुहागर तालुक्यातील आमच्या घराच्या पुढल्या दाराचे काम या आठवड्यात हाती घेतले. दार पश्चिमेकडे तोंड करून आहे; सात फूट उंच, चार फूट रुंद, दोन फळ्यांचे, सागवानी चौकटीचे आणि वर गणेशपट्टी असलेले. जुना रंग काढून आतले सागवान उघडे करावे आणि त्याला नुसते बेल तेल (उकळलेले जवसाचे तेल) द्यावे, असा माझा मूळ बेत होता. परंतु उजव्या फळीचा तळ खरवडून पाहिला, तेव्हा खालचा हातभर भाग फणसाच्या लाकडाचा निघाला. पावसाच्या माऱ्याने कुजलेला तुकडा कधीतरी कापून तेथे हा बसवलेला असणार. जोड इतका नेटका आहे की ज्या सुताराने तो केला त्याला मी मनोमन नमस्कार केला. मात्र फणसाचा पिवळेपणा आणि सागाचा तपकिरीपणा एकाच फळीवर तेलाखाली जुळणे शक्य नाही. म्हणून चौकट तेलावर ठेवायची आणि फळ्या रंगवायच्या, असे ठरले.

फळीवर रंगाचे चार थर सापडले: वर चॉकलेटी, त्याखाली आकाशी, मग हिरवा आणि लाकडालगत गेरूसारखा तांबडा. जुनी दारे स्वतः घासणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. घरगुती रंगांतील शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते हे धरूनच चालावे. मी कोरडा पॉलिश पेपर लावलाच नाही. वॉटर पेपर पाण्याने ओला ठेवून घासले, नाकातोंडावर मास्क बांधला, निघालेला चिखल कागदावर गोळा केला आणि मुलांना त्या दिवसांत ओटीवर येऊ दिले नाही.

८ मार्च

शेड कार्डावरील, म्हणजे दुकानातल्या रंगनमुन्यांच्या पत्रकावरील, बोटभर चौकोन पाहून दाराचा रंग ठरवता येत नाही, कारण तोच रंग मोठ्या पृष्ठभागावर बहुधा अधिक उजळ आणि अधिक भडक दिसतो. त्यासाठी दोन फूट बाय दीड फुटाचे प्लायवूडचे चार तुकडे घेतले, दारावर वापरायचा तोच पांढरा प्रायमर त्यांना दिला आणि रंगाचे दोन-दोन हात (थर) देऊन चॉकलेटी, बाटलीसारखा गडद हिरवा, मोरपंखी आणि हळदी असे चार रंग लावले. तुकडे दारावरच टांगून सकाळी, भर दुपारी, सूर्य कलल्यावर आणि रात्री ओटीवरच्या पिवळसर दिव्याखाली पाहिले.

खरा निर्णय भिंतीच्या हाती आहे, हे दुसऱ्याच दिवशी कळले. आमच्या भिंती गिलावा न केलेल्या जांभ्याच्या आहेत, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना तांबूस-नारिंगी रंगाचा मोठा पट्टा आहे. शेजारचे दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हे पॅरिसमधील गोबेलँच्या विणकामशाळेत रंगाईचे काम पाहणाऱ्या शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले होते; काळ्या धाग्याबद्दल आलेल्या तक्रारींचे मूळ त्यांना धाग्यात नव्हे, तर त्याच्या शेजारच्या रंगांत सापडले. आमच्या ओटीवर तेच दिसत होते. कार्डावर शांत वाटलेला मोरपंखी जांभ्याशेजारी अक्षरशः उसळून येत होता, तर चॉकलेटी भिंतीत विरघळून दार कोठे आहे हेच लांबून कळेनासे झाले होते.

मग एक प्रयोग केला, जो या सगळ्या कामातला मला सर्वाधिक उपयोगी वाटला. आपल्याकडे भिंत चार महिने ओली असते आणि ओला जांभा गडद, जवळजवळ काळपट तांबडा होतो. म्हणून दाराशेजारची भिंत नळीने भिजवली आणि चारही तुकडे पुन्हा पाहिले. गडद हिरवा त्या ओल्या भिंतीपुढे काळाच दिसला. हळदी मात्र उजळून निघाला. आई म्हणाली, "अरे, पावसाळ्यात दारात दिवा लावल्यासारखं वाटेल." मन माझेही तिकडे गेले होते, पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हळदी आणि कोरडा जांभा एकाच जातीचे होऊन बसतात, आणि पश्चिमेच्या उन्हात अनेक चमकदार पिवळे रंग लवकर विटतात. आईला ते पटवून द्यायला आठवडा लागला.

२९ मार्च

मोरपंखीच राहिला, परंतु मवाळ होऊन. निळ्या-हिरव्या छटांत बहुतेक वापरले जाणारे थॅलोसायनिन हे रंगद्रव्य उन्हाला चांगले टिकते, हे एक कारण. त्याची उसळी कमी करण्यासाठी दुकानदाराकडून पिवळ्या ऑक्साइडचा आणि अगदी थोड्या काळ्याचा अंश वाढवून घेतला. पहिला नमुना शेवाळी झाला, दुसरा फारच करडा. तिसरा कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही भिंतींपुढे उभा राहिला. यंत्राने मिसळलेल्या रंगाची प्रमाणचिठ्ठी मी डब्यालाच चिकटवून ठेवली आहे. बाहेरचीच बाजू रंगवायची असल्याने दोन हातांना एक लिटर पुरतो, तो एकाच वेळी मिसळून घेतला. चकाकी सॅटिन, म्हणजे मंद, ठेवली, कारण ग्लॉसमध्ये, म्हणजे पूर्ण चकाकीत, फणसाच्या जोडाची रेघ उन्हात उठून दिसत होती.

१२ एप्रिल

भेगा-खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून, २२० नंबरच्या पेपरने घासून, पहिला हात आज झाला. दार दुपारपर्यंत सावलीत असते, म्हणून सकाळी सातला सुरुवात करून साडेनऊला ब्रश धुतला; तापलेल्या लाकडावर रंग ओढला जातो आणि ब्रशचे ओरखडे तसेच राहतात. दुसरा हात परवा. चौकटीला बेल तेलाचे दोन हात आधीच दिले असून गणेशपट्टीचे कोरीव काम रंगाच्या शेजारी आता ठळक दिसते. उंबरठा मात्र कोराच ठेवणार आहे. त्यावर रोज हळदकुंकू वाहिले जाते आणि आईने त्याला रंग लावू दिला नसता, मलाही लावायचा नव्हता.