इंग्रजीतलं ‘तुम्ही’ कुठे असतं?

सुट्टीला वेंगुर्ल्यात आलेय. खळ्यात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं वाळत घातलीत, आणि पडवीत माझी भाची ओईटीच्या अभ्यासाला बसलीय. ओईटी म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, आपल्याकडच्या बऱ्याच मुली ती देऊन यूकेला जातात. तिच्या वहीत बघितलं तर कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे सल्ला अशी यादी, खाली लाल पेनाने रेघ. मीसुद्धा सात वर्षांपूर्वी हेच पाठ करून इंग्लंडमधल्या यॉर्कशायरला नर्स म्हणून गेले होते. चुकीचं काहीच नाहीये त्यात, पण त्या यादीत कोण कोणाला म्हणतंय ते नाहीये, आणि सगळा अर्थ तर तिथेच असतो.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. सिनियर सिस्टर जाता जाता मला म्हणाली, “यू माइट वॉन्ट टू चेक हिज फ्लुइड चार्ट.” फ्लुइड चार्ट म्हणजे पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं, किती बाहेर पडलं त्याची नोंद. मी मनात मराठी केलं, तुला कदाचित चार्ट बघावासा वाटेल. म्हणून हातातलं ड्रेसिंग पूर्ण केलं, मग पलीकडच्या आजींना पाणी दिलं, आणि पाऊण तासाने ती परत आली तेव्हा चार्ट तसाच कोरा. पेशंटला काही झालं नाही हे नशीब, पण ती एवढंच म्हणाली की मी तुला सांगितलं होतं, आणि त्या रात्री मला झोप नाही लागली. आपल्याकडे कोणी “चार्ट बघ गो आधी” म्हटलं असतं तर मी धावत गेले असते.

तेव्हापासून मी खिशातल्या डायरीत जोड्या लिहायला लागले, नुसता शब्द नाही, सर्वनामासकट. “आय माइट” म्हणजे खरंच अजून ठरलेलं नाही. “इट माइट रेन”, येईल कदाचित पाऊस. पण वरच्या माणसाने “यू माइट वॉन्ट टू” म्हटलं की ते काम आत्ता करायचं. मस्टचंही तसंच. “आय मस्ट गो” म्हणजे निघते हं आता, “यू मस्ट बी टायर्ड” म्हणजे दमली असशील ना गं, “यू मस्ट ट्राय धिस केक” म्हणजे अगदी प्रेमाने केलेला आग्रह, आपण घावनं वाढताना करतो तसा. आणि “ही मस्ट हॅव फॉलन” म्हणजे नुसता अंदाज, पडला असणार. सक्तीचा मस्ट नोटिस बोर्डावर आणि नियमांच्या कागदात भरपूर, पण तोंडात फार कमी, तिथे हॅव टू आणि नीड टू येतं.

हे नऊ शब्द, कॅन कुड मे माइट विल वुड शॅल शुड मस्ट, यांना ही-शी आलं तरी शेवटी एस लागत नाही म्हणून शाळेत ते सोपे वाटतात. रूप बदलत नाही, अर्थ मात्र माणूस बदलला की बदलतो.

शॅलचं बघा. १६५३ साली जॉन वॉलिस नावाच्या माणसाने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, लॅटिनमध्ये, त्यात नियम घातला की साधं भविष्य सांगायचं तर आय आणि वीला शॅल, बाकीच्यांना विल. आपल्या शाळेतही तोच शिकवत होते. आज तिथे रोजच्या बोलण्यात शॅल उरलाय तो मुख्यतः प्रश्नात, तोही आय आणि वी बरोबर. “शॅल आय क्लोज द कर्टन?” म्हणजे पडदा लावू का. “शॅल यू” असं सात वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही.

आणि वी. आपल्याकडे आम्ही वेगळं, आपण वेगळं. इंग्रजीत दोन्हींना एकच वी, मग समोरच्याला कसं कळतं की आपण त्यात आहोत की नाही? खूपदा ते बाजूच्या शब्दावरून कळतं. “शॅल वी” म्हटलं की तो बहुतेक वेळा आपण, समोरच्याला धरून. फोनवर ऑफिसातली बाई “वी कान्ट गिव्ह यू दॅट” म्हणते तेव्हा तो आम्ही, तुम्ही बाहेर. वॉर्डात आम्ही नर्सेस “शॅल वी हॅव अ वॉश?” विचारतो, अंघोळ अर्थात एकट्या पेशंटची, आणि मला ते फार आवडतं कारण इथे सरकारी दवाखान्यातली सिस्टर माझ्या आजीला “आपण आता औषध घेऊया हां” म्हणायची ते हुबेहूब तेच आहे.

मला जे कळायला सगळ्यात वेळ लागला ते म्हणजे मान. आपला मान तू-तुम्हीमध्ये असतो, क्रियापदाच्या शेपटीत असतो, येशील आणि याल. इंग्रजीत एकच यू, डॉक्टरांनाही आणि पोरांनाही. पूर्वी त्यांच्याकडेही दाउ होता, जवळच्याला, लहानाला म्हणायचा, तो मागे पडला, पण यॉर्कशायरच्या काही म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. एक आजोबा मला दमलेली बघून “सिट दी डाउन, लव्ह” म्हणाले, दी म्हणजे त्या दाउचंच रूप, आणि मला इतक्या वर्षांनी कोणीतरी तू म्हटल्यासारखं वाटलं, खरंच डोळ्यांत पाणी आलं. बाकीच्यांसाठी मान कुठे ठेवायचा तर तो कुड आणि वुडमध्ये. “कुड यू” म्हणजे कराल का, “कॅन यू” जरा जवळचं, आणि “विल यू” नुसतंच म्हटलं तर कधी कधी दटावल्यासारखं लागतं. चहाला गेल्यावर “आय वॉन्ट टी” म्हणजे मला चहा व्हया असं तोंडावर मारल्यासारखं होतं, “कुड आय हॅव अ टी” हे आपलं ‘एक चहा मिळेल का’.

भाचीला हे सगळं सांगत होते तेवढ्यात आई आतून म्हणाली, “सोलां परतूक व्हयी.” म्हणजे सोलं परतायला हवीत. कोणाचं नाव नाही, तू नाही, तुम्ही नाही. भाची उठायला लागली. मी म्हटलं थांब, याचं इंग्रजी कर आधी. ती म्हणाली, “यू शुड टर्न...”, मग थांबली, यू कोण? आजी आपल्याला सल्ला थोडीच देतेय. “वी शुड” म्हटलं तर आजी पण येईल का उन्हात? “समवन शुड” तर एकदम टोमणाच झाला. कुड-शुड वापरायचं तर इंग्रजीत कर्ता गाळता येत नाही, बहुतेकदा कोणीतरी निवडावं लागतं, आणि तो निवडला की बाजूचा शब्दही बदलावा लागतो. शेवटी तिने स्वतःच काढलं, “कुड यू टर्न द कोकम, प्लीज?” आणि म्हणाली, पण मावशी, आजी असं म्हणाली तर मला वाटेल ती रागावलीय.

हे तिचं वाक्य मी तिला वहीत लिहून ठेवायला लावलं. मग दोघी खळ्यात गेलो. सोलं एका बाजूने काळपट झाली होती, खालून अजून ओली, आगळात, म्हणजे कोकमाच्या खारट रसात, बुडवून काढलेली असल्यामुळे बोटांना चिकटत होती. ती एकेक परतताना भाची जोड्या म्हणत होती, शॅल आय, शॅल वी, कुड यू, आणि मध्येच आईने विचारलं, “झाली काय गो?”