वरून रेशीम, खाली नमदा

"डॉक्टर, दोनदा आंघोळ घातली, तरी वास जातच नाही."

फोनवर एवढं ऐकलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवलं. लांब केसांचा ससा, शेपटीकडून येणारा वास आणि माशा घोंघावतील अशी दमट हवा, या तीन गोष्टी जुळून आल्या की मी उद्याची वेळ देत नाही. "आत्ताच आणा," मी म्हटलं. "आता धुऊ नका, ओल असेल तर टॉवेलने नुसती टिपून घ्या. आणि तो रोज जे खातो ते सगळं सोबत आणा."

अर्ध्या तासात काकू कापूसला घेऊन आल्या. कापूस म्हणजे चार वर्षांचा पांढरा अंगोरा. कानांच्या टोकांना झुपके, गालांवर केसांची झालर, बसला की पाय दिसत नाहीत. मी त्याला ओळखत होते. तीन महिन्यांपूर्वी नखं कापायला आणलं होतं तेव्हा मीच काकूंना म्हणाले होते, "किती सुंदर ठेवलंय हो याला!" त्याच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: केस उत्तम.

आताही पाठ तशीच होती. काकू रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन विंचरतात आणि ते दिसत होतं. पाठीवरून हात फिरवला तर रेशमासारखा सरकला. मात्र कापूस टेबलावर आला की आजूबाजूला हुंगत फिरायचा, तो आज कोपऱ्यात पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसला. ससा दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला आपण दुबळे आहोत हे दाखवून चालत नाही. म्हणून ससा गप्प बसला की मला धास्ती वाटते.

सशाला उताणं पाडून बघायचं नाही. उताणा केला की तो निपचित पडतो आणि लोकांना वाटतं, बघा कसा शांत झाला. ती भीतीने आलेली जडता असते. शिवाय पाठीला नीट आधार नसताना त्याने मागच्या पायांनी झटका दिला तर त्याच झटक्याने त्याचा कणा मोडू शकतो, इतकी त्याची हाडं हलकी आणि मांड्या दणकट. माझ्या मदतनिसाने त्याला छातीशी उभा धरला, एक हात पुढच्या पायांमागे, दुसरा बुडाखाली. मी पोटाखाली बोटं घातली.

बोटं आत गेलीच नाहीत. पोटाच्या खालच्या भागापासून दोन्ही मांड्यांच्या आतून शेपटीपर्यंत केसांचा एकच सलग थर झाला होता. नमद्यासारखा घट्ट, बाहेरून कोरडा, कडेने दाबला तर आतून ओला. लघवीने पिवळा पडलेला, मधेमधे वाळलेली विष्ठा. एका कडेला पिवळसर-पांढरे, लांबट, जेमतेम मिलिमीटरभराचे दाणे पुंजक्याने चिकटले होते. माशीची अंडी. आणि मी बघत असतानाच तो थर एका ठिकाणी आतून हलला.

काकूंना मी बाहेर बसायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही, मी इथेच थांबते." थांबल्या.

माशी ओल्या, घाण झालेल्या केसांत अंडी घालते. उबदार हवेत ती दिवसभराच्या आत फुटतात, कधी त्याहूनही लवकर. बाहेर आलेल्या अळ्या कातडी खात आत शिरतात. सकाळी बरा दिसणारा ससा दुसऱ्या दिवशी दगावू शकतो. कापूसचं तापमान घेतलं. 37.4 अंश सेल्सिअस. सशाचं 38.5 ते 40 च्या दरम्यान असायला हवं. तो थंड पडायला लागला होता, आणि दोन आंघोळींचा त्यात नक्कीच वाटा होता. एवढे दाट केस भिजले की कातडीपर्यंत वाळायला तासनतास लागतात आणि तोवर ससा आतून गार होत राहतो. धक्क्यानेही जातो. शिवाय गुंता ओला झाला की आणखी आवळतो. काकूंनी मायेनेच धुतलं होतं, पण त्या पाण्याने तो थर पक्का केला आणि आतली ओल टिकवून ठेवली.

आधी ऊब, वेदनाशामक आणि कातडीखाली कोमट सलाईन. शरीर जरा गरम झाल्यावर हलकी भूल. काकूंनी विचारलं, "सकाळपासून काही दिलं नाही, भूल द्यावी लागली तर म्हणून. बरोबर केलं ना?" हे माणसाला किंवा कुत्र्याला ठीक. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे ती भीती नसते. उलट पोट रिकामं राहिलं की त्याची आतडी मंदावतात आणि मंदावलेली आतडी पुन्हा सुरू करणं हेच सगळ्यात अवघड काम. मी त्यांना ते तेव्हाच सांगितलं, कारण पुढे कधी असा प्रसंग आला तर लक्षात राहावं.

मग क्लिपर, म्हणजे केस काढायचं यंत्र. गुंत्याला कात्री लावायची नाही हे मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी सांगते. सशाची कातडी इतकी पातळ असते की गुंता वर ओढला की ती तंबूसारखी वर येते, आणि त्या तंबूचं टोक नेमकं कात्रीत सापडतं. कळतही नाही, इतकं सहज कापलं जातं. म्हणून डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी सपाट ताणून धरायची आणि ब्लेड तिला समांतर ठेवून गुंत्याच्या खालून अगदी हळू पुढे न्यायचं. दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड माझ्या मनगटाला लावून पाहत होते; ते तापतं आणि सशाला भाजतं. पाणी अजिबात नाही, आधी सगळं कोरडंच काढायचं. मदतनीस चिमट्याने अळ्या उचलून झाकणाच्या डब्यात टाकत होता. चाळीसपर्यंत मोजल्या, पुढे मोजणं सोडलं.

एक तास वीस मिनिटांनी तो थर एकसंध सुटून टेबलावर आला. आकार कापूसच्या मागच्या अर्ध्या अंगाचा. मी तो वजनकाट्यावर ठेवला. 70 ग्रॅम. एवढं ओलं, कुबट ओझं तो पोटाशी बांधून फिरत होता. खालची कातडी लघवीने भाजून लालभडक झाली होती, आणि शेपटीच्या मुळाशी अंगठ्याच्या नखाएवढ्या दोन जखमा. पोटाच्या आत काही शिरलं नव्हतं. तिथे मला पहिल्यांदा वाटलं, हा वाचेल.

जखमा कोमट सलाईनने धुतल्या, हळुवार टिपून कोरड्या केल्या. उरलेली अंडी बारीक दातांच्या फणीने एकेक करून काढली. (कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर मानेवर टाकतात ती औषधं घरी असतील तर ती सशावर अजिबात टाकू नका. त्यांतल्या काहींमध्ये असणारं फिप्रोनिल सशाला विषारी आहे.)

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या थराकडे बघून म्हणाल्या, "मी रोज विंचरते हो. एक दिवस चुकवला नाही."

खरं बोलत होत्या. पण ब्रश वरच्या केसांवरून सरकत होता. लांब केसांचा ससा विंचरायचा म्हणजे बोटांनी केसांचा भांग पाडत, कातडी दिसेपर्यंत, एकेक पदर खालून वर घेत जायचं. गुंता होतो तो नेहमी आडोशाला: कानांमागे, हनुवटीखाली, काखेत, जांघेत, शेपटीभोवती. मांडीवर बसवलेल्या सशाच्या या जागा आपल्याला दिसतच नाहीत.

यातून गुंता समजला, घाण समजली नाही. निरोगी ससा कमालीचा स्वच्छ असतो. त्याच्या लेंड्या दोन प्रकारच्या. एक कोरड्या, गोल, दिवसभर पडतात त्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. आतड्याच्या एका मोठ्या पिशवीत आंबवून तयार झालेल्या. या दुसऱ्या तो थेट बुडाशी तोंड नेऊन खातो. जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळवण्याची त्याची ती पद्धत आहे. त्या केसांत चिकटून राहिल्या याचा अर्थ त्याने खाल्ल्या नाहीत. का? एक तर वाकता येत नाही, किंवा त्या नको इतक्या पातळ झाल्यात, किंवा तोंड दुखतंय.

काकूंनी आणलेली पिशवी मी उघडली. सुक्या गवताचा पुडा जवळपास भरलेला. पेलेट्सचा, म्हणजे तयार दाणेदार खाद्याचा, डबा तळाला गेलेला.

"गवत कधीपासून खात नाही?"

त्या विचार करत राहिल्या. "दोन महिने झाले असतील. त्याला पेलेट्स जास्त आवडायला लागले, म्हणून वाटी दोन वेळा भरते."

सशाच्या खाण्यात 80 टक्क्यांहून जास्त गवत असावं लागतं. ते त्याच्या आतड्यांसाठी, तसंच दातांसाठीही. सशाचे सगळे दात, दाढासुद्धा, जन्मभर वाढत असतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. कापूस अजून भुलीत होता. मी ऑटोस्कोप, म्हणजे कान तपासायची दिव्याची नळी, तोंडात घालून मागे पाहिलं. डावीकडच्या खालच्या दाढेचं एक टोक सुईसारखं जिभेकडे वाढलं होतं आणि जिभेच्या कडेला पांढरट व्रण पडला होता. गवत चघळलं की जीभ त्या टोकावर घासायची. म्हणून गवत सुटलं. गवत सुटलं म्हणून मऊ लेंड्या पातळ, चिकट झाल्या. दुखऱ्या तोंडाने त्याने स्वतःला चाटणंही सोडलं. पुढचं सगळं त्या 70 ग्रॅमच्या थरात होतं.

तीन महिन्यांपूर्वी मी त्याचे पुढचे दात पाहिले होते. ओठ वर केला, दात सरळ होते, सोडून दिलं. मागे ऑटोस्कोप घातला नाही. पोटाखाली बोटं फिरवली नाहीत. त्या दिवशी ते टोक नुकतंच वाढू लागलेलं असणार. तेव्हा घासून दिलं असतं तर दहा-पंधरा मिनिटांचं काम होतं. मी हे काकूंना जसंच्या तसं सांगितलं. सगळा दोष त्या स्वतःला लावून घेत होत्या आणि तो त्यांच्या एकटीचा नव्हता.

रात्री कापूस दवाखान्यातच राहिला. दाढेचं काम पूर्ण भुलीत करावं लागतं, ते चार दिवसांनी, तो सावरल्यावर केलं. त्या रात्री एकच गोष्ट महत्त्वाची होती: आतडी चालू होणं. गवताची बारीक भुकटी कोमट पाण्यात कालवून दर तीन तासांनी सिरिंजने गालाच्या कडेने थोडी थोडी देत होते. तो गिळत होता, अनिच्छेने, पण गिळत होता. त्याच्याखाली पांढरा टॉवेल अंथरला होता, लेंडी पडली तर लगेच दिसावी म्हणून. अकरा वाजता काही नाही. एक वाजता काही नाही. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर अधूनमधून एखादी बारीक गुरगुर. अडीच वाजता टॉवेलवर तीन लेंड्या दिसल्या. लहान, वेड्यावाकड्या, दोन एका केसाने जोडलेल्या. मी त्या हातमोज्यावर घेतल्या, एक फोडून पाहिली, आत गवताचे धागे होते. एवढ्या रात्री फोन करावा की नाही असं वाटलं, तरी केला. पहिल्याच रिंगला काकूंनी उचलला.

घरी पाठवताना काकूंना टेबलाशी उभं करून सगळं त्यांच्याच हातांनी करवून घेतलं. पोटाखाली, जांघेत आणि शेपटीभोवती केस कायम अगदी आखूड ठेवायचे. बाकी अंगावर दोन-अडीच सेंटिमीटर. अंगोऱ्याचा केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो, म्हणजे क्लिपर दर काही आठवड्यांनी हातात घ्यावाच लागणार. तळपायाचे केस मात्र कापायचे नाहीत. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, ते केसच त्याची गादी. ते गेले की टाचेला जखमा होतात. घाण लागली तर तेवढाच भाग कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसायचा आणि कोरडा करायचा, किंवा कॉर्नफ्लोअर चोळून, वाळवून विंचरायचा. टॅल्कम पावडर नको, ती फुप्फुसात जाते. गरम-दमट दिवसांत सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघायचं. वास आला म्हणून धुवायचं नाही, वास कुठून येतो ते शोधायचं.

"केस कापले तर तो कापूस दिसणार नाही," काकू म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच, "जाऊ दे. गवत खाताना दिसू दे."

दीड महिन्याने ते पुन्हा आले. आखूड केसांतला कापूस निम्मा दिसत होता, पहिल्यांदाच त्याचे चारही पाय मोजता येत होते. जखमांच्या जागी गुलाबी कातडीवर बारीक लव आली होती. वजनाच्या डब्यात ठेवला तर तिथलं गवत ओढून खायला लागला, आणि दाढांचा तो खरखर, एकसारखा आवाज आम्ही तिघंही ऐकत उभे राहिलो.

ऑटोस्कोप घालून मी उजवीकडच्या दाढा पाहिल्या. स्वच्छ. कार्ड उघडून लिहायला पेन उचललं.

"डावीकडच्या बघायच्या राहिल्यात, डॉक्टर," काकू म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं आणि डावीकडच्या पाहिल्या.