काविळीची माळ
उन्हाळ्यात आमच्या बीडकडच्या गावात टँकर सुरू झाला, की महिन्याभराने कोणाचे तरी डोळे पिवळे झाल्याचे कानावर येतेच. हा विलंब आजाराच्या स्वभावातच आहे. दूषित पाण्यातून पोटात गेलेला, यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस ए चा विषाणू दोन ते चार आठवड्यांनी, तर ई चा दोन ते दहा आठवड्यांनी लक्षणे दाखवतो, आणि तोवर ते पाणी कोणाच्या लक्षातही राहत नाही. आधी अन्नावरची वासना उडते, मळमळते, कणकण येते, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, पिवळेपणा त्यानंतरचा.

माझ्या चुलत्यांना कावीळ झाली तेव्हा त्यांच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती. दोऱ्याच्या गाठी सैल होत ती रोज थोडी लांबे आणि आजी ती बोटांनी मोजून कावीळ उतरत असल्याचे समाधान मानी. चुलते बरे झाले, श्रेय माळेला गेले. वास्तविक ए आणि ई बहुधा आपोआपच बरे होतात. मात्र गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ई झाल्यास २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात, तेथे माळेत दिवस घालवणे परवडत नाही.

हिपॅटायटिसचेच दुसरे प्रकार बी आणि सी यांचा पाण्याशी संबंध नाही. ते रक्तातून, दूषित सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, आईकडून बाळाला, आणि विशेषतः बी शरीरसंबंधातूनही पसरतात, अनेकदा वर्षानुवर्षे मुकाट राहून यकृत निकामी करतात. डी तर बी असल्याशिवाय होतच नाही, त्यामुळे जन्मानंतर २४ तासांत दिलेली बी ची लस दोघांनाही अडवते. सी ला लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो.