खाल्लेले स्वर

ब्रॉक्टनमध्ये स्पीच थेरपी करायची म्हणजे केप व्हर्दच्या क्रियोलशी गाठ ठरलेली. केप व्हर्द हा पश्चिम आफ्रिकेजवळचा बेटांचा देश, क्रियोल ही तिथली पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांच्या मिसळीतून झालेली भाषा. मॅसॅच्युसेट्समधल्या या शहरात त्या बेटांवरची माणसं खूप. वस्ती नऊ बेटांवर, बोलण्याची तऱ्हा बेटागणिक वेगळी. आमच्या फॉर्मवर भाषेचा रकाना मात्र एकच.

स्ट्रोकनंतर आलेल्या या आजी साओ व्हिसेंते बेटावरच्या, मिंदेलोच्या. आधीच्या ठिकाणचा अहवाल सांगत होता: शब्दांचे शेवट गळतात, भूतकाळाचा प्रत्यय लागत नाही, मधूनच पोर्तुगीज घुसतं. फोनवरचा दुभाषी सांतियागु बेटाचा होता. अर्थ तो चोख सांगतो. पण ‘बरोबर की चूक?’ असं विचारलं की कान आपल्याच बेटाचा लागतो.

मला ती गळती फार शिस्तीची वाटली. वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडते तेव्हा, माणूस बरेचदा एकच शब्द दर वेळी निराळाच चुकवतो. आजी नेमका जोर नसलेला इ किंवा उ गाळत होत्या. सांतियागुचं ‘तुदु’ (सगळं) त्यांच्या तोंडी ‘तुद’, ‘कुमे’ (खाणं) झालं ‘क्मे’. जोराचा स्वर एकदाही हलला नाही. उत्तरेकडच्या बेटांवर असंच बोलतात! भूतकाळाचंही तेच. सांतियागुत क्रियापदाला ‘बा’ जोडतात, मिंदेलोत ते काम ‘तावा’ करतो. तो दुभाष्याला पोर्तुगीज वाटला. म्हणजे प्रत्यय नाही म्हणून एक गुण कमी, पोर्तुगीज मिसळलं म्हणून दुसरा. उत्तर बरोबर होतं.

“मम्मी पहिल्यापासून अशीच बोलते,” मुलगी म्हणाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि तोवर आजींकडून शेवटचे स्वर घोकून घेणं चालू होतं. मालवणी माणसाला पुणेरी बोलायला लावून बरा झाला म्हणण्यातला प्रकार.

पुन्हा गुण दिले तेव्हा खरी अडचण दिसली, नामांची. किल्ली दाखवली की आजी हवेत मनगट फिरवतात, शब्द येत नाही. त्यावर काम सुरू आहे.

अडकलंय ते ‘ता’पाशी. चालू क्रियेसाठी मिंदेलोत ‘ती ता’ म्हणतात; आजी कधी नुसत्या ‘ती’वरच थांबतात. ही घाईतली बोली की मेंदूतली इजा? मुलगी ब्रॉक्टनमध्येच वाढलेली, तिला सांगता येईना. दुभाषी पुरवणाऱ्यांकडे मिंदेलोचं माणूस मागितलं. उत्तर आलं, “केप व्हर्दियन क्रियोल उपलब्ध आहे.”