सोलापुरात पाळीव उंदरांचं वेत घेताना

आधी पिल्लांसाठी घरं शोधायची, मगच जोडी लावायची, हे मी पक्कं ठरवलं होतं. उंदराच्या मादीला एका वेताला आठ-बारा पिल्लं सहज होतात. ती कुठे जाणार हे ठरलेलं नसेल तर शेवटी सापाचं खाणं म्हणून विकली जातात. उंदीर एकटा राहिला की खचतो, म्हणून दोन माद्या किंवा दोन नर एकत्र नेणाऱ्यांचीच नावं लिहून घेतली.

नर मुद्दाम वर्षाच्या पुढचा निवडला. उंदराचं आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं, आणि छातीचा आजार करणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू बहुतेकांच्या अंगात असतोच. कुणाची छाती लवकर घरघरते आणि कोण ठणठणीत राहतो, हे वय वाढल्याशिवाय कळत नाही. ज्यांचे आईबाप माहीत नाहीत अशा दुकानातल्या उंदरांचं वेत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. उंदरांना तपासणारा डॉक्टरही आधीच गाठून ठेवला. आपल्याकडे बहुतेकांचा हात गाई-म्हशी आणि कुत्र्यांवरच बसलेला, त्यामुळे तो मिळवायला बरीच विचारपूस करावी लागली.

आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली काही उष्णता तो शेपटीवाटे बाहेर टाकतो. गाभण मादीला तो उन्हाळा सोसणार नाही, म्हणून दिवाळीनंतर जोडी लावली. गाभणपण २१ ते २३ दिवसांचं. व्याल्यावर चोवीस तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे नर आधीच वेगळा काढला.

सोलापुरात टॉवेलच्या चिंध्यांना तोटा नाही, पण घरट्यात त्या घातल्या नाहीत. सुटा दोरा पिल्लाच्या पायाला आवळला तर पाय जातो. साध्या कागदाच्या पट्ट्या दिल्या. त्या तिने दातांनी ओढत कोपऱ्यात नेल्या आणि खोलगट घरटं केलं.

पिल्लं जन्मतात तेव्हा जेमतेम पाच-सहा ग्रॅमची, गुलाबी, डोळे मिटलेली. पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. एका पिल्लाच्या पोटात ती पट्टी दिसेना. धष्टपुष्ट भावंडांना थोडा वेळ कापडाच्या उबेत बाजूला ठेवलं आणि त्याला आईपाशी सोडलं. संध्याकाळी पट्टी दिसली. बारीकशी, पण दिसली! मला रडूच आलं. आईला रोज उकडलेलं अंडं आणि ज्वारीच्या कण्या चालू होत्या.

दोन आठवड्यांत डोळे उघडले. रोज हाताळल्यामुळे पिल्लं आपणहून बाहीत शिरायची. पाच आठवडे झाले की नर-माद्या वेगळ्या करायच्याच, कारण तेव्हा ती वयात येऊ लागतात. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकली आणि पिल्लं ठरलेल्या घरी जाऊ लागली. एकाने नर-मादीची जोडी मागितली, त्याला नकार दिला. ते अशक्त पिल्लू, मादी होती ती, बहिणीबरोबर शहरातल्याच जुळे सोलापूर भागात गेलं. तिचं वजन मला अजून कळवतात.