ओगुराला उतरलो, ते एका धुनीसाठी

किंतेत्सु रेल्वेची गाडी क्योटोहून निघाली की वीसेक मिनिटांत ओगुरा येतं. उजी शहरातलं हे छोटं स्टेशन. उजी म्हटलं की जपानी माणसाला चहा आठवतो. आम्ही दोघं भाऊ मात्र निन्टेंडो या व्हिडिओ गेम करणाऱ्या जपानी कंपनीच्या संग्रहालयासाठी आलो होतो. तिथं तिकीट दारात मिळत नाही. महिने आधी अर्ज करायचा, मग सोडत निघते. दादाचा नंबर लागला तेव्हा त्यानं रात्री साडेअकराला मला उठवलं होतं.

नव्वदच्या दशकात मिरजेला आमच्या घरी एक ‘व्हिडिओ गेम’ होता. तो निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होता, हे फार नंतर कळलं. पिवळी कॅसेट, ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, आणि रिमोटवरून भांडायचं. आई आत पोळ्या लाटत असायची, टीव्हीकडे पाठ करून. तरी तिला सगळं कळायचं. वेळ संपत येऊन धून एकदम घाईला आली की आतून आवाज यायचा, “शंभर राहिले रे, पळ!” खेळाचा नायक मारिओ खड्ड्यात पडला की, “गेला ना? आता दादाला दे.” आईनं तो खेळ एकदाही हातात घेतला नाही, पण तिला तो कानानं पाठ होता.

मारिओच्या खेळाचं ते संगीत कोजी कोंडो यांचं. १९६१ साली नागोयात जन्मलेले. लहानपणी इलेक्ट्रॉनिक ऑर्गन शिकले, पुढं बँडमध्ये जॅझ आणि रॉक वाजवलं, आणि ओसाकाच्या कला विद्यापीठात शिकत असताना तिथल्या सूचनाफलकावर निन्टेंडोची जाहिरात पाहिली. अर्ज केला तो एवढ्या एकाच ठिकाणी. १९८४ मध्ये नोकरी लागली. तोवर खेळांतले आवाज बहुतेक अभियंतेच करत. खास संगीतासाठी माणूस घ्यायचा, ही गोष्टच निन्टेंडोत नवी होती.

आदल्या दिवशी आम्ही क्योटोत कागियाचो भागात जाऊन कंपनीची जुनी कचेरी पाहिली. १९३० ची इमारत, २०२२ पासून तिचं हॉटेल झालंय. निन्टेंडो १८८९ साली सुरू झाली ती हानाफुदा करायला, म्हणजे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. दाराशी पत्त्यांच्या धंद्याची जुनी पाटी अजून आहे. ओगुराचं संग्रहालयही १९६९ मध्ये बांधलेल्या पत्त्यांच्या कारखान्यातच उभं राहिलंय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते उघडलं.

वरच्या मजल्यावर फोटो काढायला मनाई आहे, आणि ते बरंच आहे. १९८३ चा तांबडा-पांढरा फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडोचं घरी खेळायचं यंत्र, काचेआड ठेवलाय. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. या डब्यातून पाचच प्रकारे आवाज निघायचा. दोन चौरस लहरी, एक त्रिकोणी लहर, एक नुसती खरखर, आणि ध्वनिमुद्रित आवाजांसाठी एक वाट. मारिओत ही पाचवी वाट वापरलेलीच नाही. म्हणजे उरले चार. आम्ही मिरजेचे. सतारमेकर गल्लीत तंबोरे जुळवताना ऐकत मोठे झालो. चार तारांनी खोली कशी भरते हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण तंबोऱ्याच्या तारा निदान एकमेकींना धरून राहतात. इथं मारिओनं उडी मारली की तिचा आवाज काढायला चौरस लहरींपैकी एक क्षणभर पळवली जायची. त्रिकोणी लहरीचा आवाज लहान-मोठा करताच येत नसे, तिच्यावर खर्ज सोपवलेला. आणि ताल सगळा त्या खरखरीवर. अख्खी कॅसेट ४० केबीची, चित्रं, नियम, संगीत सगळं धरून. एवढ्यात जमिनीखालची ती दबकी धून आणि पाण्यातली दादऱ्याच्या अंगानं डुलणारी धून, दोन्ही बसवल्या. मला पाण्यातली आजही सगळ्यांत जवळची वाटते. पोहताना हात जसे फिरतात तशी ती फिरते.

पण मला खरी मोलाची वाटते ती टाकून दिलेली धून. मुख्य पटासाठी कोंडोंनी आधी वेगळंच काही रचलं होतं. खेळाचा नमुना पुढं सरकला, मारिओ पळू लागला, आणि ती धून त्या पळण्याशी जुळेना. ती बाजूला ठेवून त्यांनी नवी केली, पळण्याच्या आणि उडीच्या चालीवर. आई टीव्हीकडे पाठ करून खेळ ओळखायची त्याचं मूळ इथं आहे, असं माझं मत आहे. ती नवी धून पडद्यामागं वाजत नव्हती, ती खेळणाऱ्याच्या बोटांतून येत होती. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत तिला घेतलं. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला होता.

झेल्डाची गोष्ट दादाची आवडती. निन्टेंडोचाच १९८६ चा तो खेळ. सुरुवातीच्या पाटीला फ्रेंच संगीतकार राव्हेलची ‘बोलेरो’ ही रचना वाजवायचं ठरलेलं. काम संपत आलं आणि कळलं की तिचे हक्क अजून संपलेले नाहीत. कोंडोंनी एका रात्रीत, खेळातल्याच धुनीवरून, नवं शीर्षकसंगीत उभं केलं. दादा हे काचेसमोर मला पुन्हा सांगत होता, जणू तोच रात्रभर जागला होता.

खालच्या मजल्यावर माणसाहून मोठे रिमोट आहेत. एकट्यानं खेळताच येत नाही. एकानं दिशेचं बटण सांभाळायचं, दुसऱ्यानं उडीचं. लहानपणी एका रिमोटसाठी आम्ही एकमेकांचे केस ओढलेत. दादानं दिशा घेतली, मी उडीवर अंग टाकून उभा. पहिल्या गुंबानंच, म्हणजे वाटेतल्या पहिल्याच शत्रूनं, संपवलं. पुन्हा सुरू केलं, तर पहिल्याच खड्ड्यात गेलो. “आधी सांग ना!” मी म्हणालो. “सांगायला वेळ आहे का!” तो म्हणाला.

तिसऱ्या वेळी तो काही बोललाच नाही. मोठ्यानं ती धून म्हणायला लागला, पाइप येईपर्यंत थोडी खाली, खड्ड्याच्या काठाशी वर. मी पडद्याकडं पाहणं सोडून त्याच्या आवाजावर बटण दाबलं. आम्ही खड्ड्यापलीकडं होतो. मागं रांगेतल्या एका जपानी आजोबांनी टाळी वाजवली, आणि वेळ संपल्याची खूण झाली तरी दादा म्हणतच होता.